घरची माळ, ओळखीचा माल

व्यापारी घरातील मूल अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट शिकते. माल हातात घेतल्याशिवाय, उलटून-पालटून पाहिल्याशिवाय आणि उजेडात धरल्याशिवाय त्याचा भाव बोलायचा नसतो. धान्य असो, कापड असो वा सोने, पारख आधी आणि पैसा नंतर, असा पेढीचा रिवाज असतो. मात्र त्याच घरात गळ्यातली एखादी साधी माळ विकत आणली जाते, तेव्हा रंग आणि भाव यांपलीकडे फारसे काही विचारले जात नाही. मणी कशाचा, दोरा कशाचा, चकाकी कशाने आली, हे प्रश्न दुकानातच राहून जातात. स्वयंपाकघरात कंदमुळाचा तुकडा येऊ न देणारे घर गळ्यात काय पडले आहे याविषयी बहुधा अनभिज्ञ असते.

घरच्या घरी माळ ओवण्याचा मोठा लाभ येथेच आहे. थोडी बचत होते, हाताला वळण लागते, दुपारचा वेळ सत्कारणी लागतो, हे सारे खरे. परंतु माळेतील प्रत्येक वस्तू ओवणाऱ्याच्या बोटांखालून जाते आणि तिची निवड ओवणाऱ्यालाच करावी लागते. त्यामुळे माळेतील माल ओळखीचा होतो.

पारखीची ही परंपरा समाजाला नवी नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात काम पाहणारे ठक्कुर फेरू हे श्रावक होते. रत्ने कशी ओळखावीत यावर त्यांनी १३१५ च्या सुमारास ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ प्राकृतात रचला. हिरे-माणकांसाठी जी दृष्टी त्यांनी वापरली, तीच काचेच्या साध्या मण्यासाठी वापरायला कोणाची हरकत नसावी.

आधी वस्तूंची पारख

कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती टाळावी याचा विचार श्रावकाचारात फार पूर्वी झाला आहे, आणि तोही व्यापाराच्याच अंगाने. उपासकदशांग सूत्रात आणि आचार्य हेमचंद्रांच्या बाराव्या शतकातील योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची १५ कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य येतात. पहिले हस्तिदंत आणि प्राण्यांच्या इतर अवयवांच्या व्यापाराविषयी आहे, दुसरे लाखेच्या. दागिन्यांच्या बाजाराशी या दोहोंचा जवळचा संबंध आहे. बोरमाळेच्या पोकळ सोन्याच्या मण्यांत लाख भरण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर दाटीने वसणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. ती खरवडून काढताना असंख्य कीटक मरतात. हाडाचे, शिंगाचे वा कवडीचे मणी आणि पदक अडकवण्यासाठी मिळणारी चामड्याची दोरी यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

मोत्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण मोती मंगल मानला जातो. शिंपल्यातील जीव हा द्वींद्रिय, म्हणजे त्रस. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतो कोकिची यांना शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवण्यात यश आले आणि पुढे मोत्यांची शेतीच सुरू झाली. या पद्धतीत जिवंत शिंपला उघडून त्याच्या शरीरात छेद देतात आणि आत कवचाचा गोल मणी किंवा दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा तुकडा बसवतात. मोती काढताना पुष्कळदा तो जीव मरतो. आजी-पणजीकडून चालत आलेल्या सराचे काय करावे हे प्रत्येक घराने गुरुमहाराजांच्या मार्गदर्शनाने ठरवावे. नवी खरेदी मात्र जाणतेपणाने व्हावी.

खोटा मोती आपोआप निर्दोष ठरतो, असाही एक समज आहे. सतराव्या शतकात एका फ्रेंच माळा-कारागिराने माशांच्या खवल्यांतील चकाकणारे द्रव्य काढून त्याचा लेप काचेच्या पोकळ मण्यांना दिला आणि तेथून नकली मोत्यांचा धंदा वाढला. आज अनेक ठिकाणी अभ्रकापासून केलेले चमकदार रंग वापरले जातात, तरी खवल्यांचा लेप बाजारातून नाहीसा झालेला नाही. ‘शेल पर्ल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मण्याचा तर गाभाच शिंपल्याच्या कवचाचा असतो. म्हणून मोत्यासारखा मणी घेताना लेप कशाचा आणि गाभा कशाचा, हे दोन्ही विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास साधा दुधी काचमणी घ्यावा. तो तितकाच शोभतो.

सर्वांत अधिक फसगत होते ती दोऱ्यात, कारण तो मण्यांच्या आड लपलेला असतो. पटवेकरी पिढ्यान्‌पिढ्या सोन्यामोत्यांचे मणी रेशमात गाठवत आले, कारण रेशीम बारीक असूनही बळकट असते. कोषातून किडा बाहेर पडला तर धागा तुटतो. तो अखंड राहावा म्हणून आत किडा असतानाच कोष उकळतात वा वाफवतात. दुकानात ‘सिल्क दोरा’ म्हणून मिळणारा प्रत्येक दोरा रेशमाचा असतोच असे नाही. ‘आर्ट सिल्क’ हा बहुधा लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो. शंका असल्यास इंचभर तुकडा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने ज्योतीजवळ न्यावा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडणारी काळी राख उरली तर ते रेशीम. कागदासारखा जळून हलकी राख झाली तर सूत किंवा रेयॉन. वितळून टोकाला कडक गोळा झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. कापडाच्या व्यापाऱ्यांना ही कसोटी परिचित आहे.

दोऱ्याबरोबर मेणही तपासावे लागते. गुंता होऊ नये आणि टोक ताठ राहावे म्हणून दोऱ्याला मेण चोळण्याची पद्धत आहे, आणि हस्तकलेच्या दुकानांत त्यासाठी मधमाश्यांचे मेण दिले जाते. मध वर्ज्य करणाऱ्या घरात हे मेण नकळत येते. घरातील साध्या पॅराफिनच्या मेणबत्तीचा तुकडा तेच काम करतो. बाजारात मिळणाऱ्या मेणवलेल्या दोरीविषयीही हाच प्रश्न विचारावा.

बियांच्या माळा निसर्गाच्या जवळच्या वाटतात, परंतु त्यांतही विवेक हवा. उगवण्याची शक्ती असलेले बी सचित्त मानले जाते, आणि पावसाळ्यात बियांना कीड लागते ती वेगळी. गुंजेच्या लाल-काळ्या बियांपासून तर लांबच राहावे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे जुने माप सराफी घरांना ठाऊक आहे, पण गुंजेच्या बीत तीव्र विष असते. अखंड बीचे कवच ते अडवून धरते. भोक पाडताच तो अडसर जातो. अशी माळ लहान मुलाने तोंडात घातली तर जिवावर बेतू शकते.

पारख करताना माणूसही विसरता येणार नाही. खंभात हे तीर्थ म्हणून जसे प्रसिद्ध आहे तसेच अकीकाच्या मण्यांसाठीही. गुजरातच्या याच किनारपट्टीवर लोथल येथील उत्खननात हडप्पाकालीन मणी घडवण्याचा कारखाना सापडला. हा दगड घासताना, त्याला भोक पाडताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांमध्ये या आजाराचा अभ्यास केला आहे. अकीक घेऊच नये असे नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा असलेल्या ठिकाणचा माल कोणता, हे घाऊक व्यापाऱ्याला विचारणारे ग्राहक वाढले तर उत्तर देणारेही वाढतील. दरम्यान घरातील जुन्या तुटलेल्या माळेतील अकीक पुन्हा ओवणे सर्वांत उत्तम.

इतके वगळल्यावर काय उरते, असे कोणास वाटेल. उरते ते पुष्कळ आहे. नानाविध रंगांचे काचमणी, स्फटिक, चंदन व इतर लाकडांचे मणी, तांब्या-पितळेचे आणि चांदीचे मणी, भाजलेल्या मातीचे मणी. दोऱ्यात सूत, ताग, पॉलिएस्टर आणि नायलॉन. नवशिक्या व्यक्तीने काचमण्यांपासून आरंभ करावा. ते स्वस्त, एकसारख्या मापाचे आणि धुता येण्याजोगे असतात. उत्तर प्रदेशातील पुरदिलपूर आणि वाराणसी ही त्यांची जुनी केंद्रे. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत आणि मुंबईत भुलेश्वरला ते सहज मिळतात.

काचमणी घेताना रंगापेक्षा भोक आधी पाहावे. भोकाची कड धारदार असेल तर ती दोरा हळूहळू कापते आणि माळ नेमकी लग्नाच्या गर्दीत तुटते. नमुन्याचा एक मणी घेऊन त्यातून दोरा दहा-बारा वेळा मागेपुढे ओढावा. दोरा खरबरीत झाला वा त्याचे तंतू सुटले तर तो माल परत करावा.

मापाचा हिशेब

माळेची लांबी आधी ठरवावी, मग मणी आणावेत. १६ इंचांची माळ गळ्यालगत बसते, १८ इंचांची गळ्याखालच्या हाडाशी येते, २४ इंचांची छातीवर रुळते आणि ३० इंचांची त्याहून खाली. गळ्याची ठेवण प्रत्येकीची निराळी असते, म्हणून साधा दोरा गळ्याभोवती धरून आरशात पाहावे आणि मग तो फूटपट्टीवर मोजावा.

मणी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि माळ इंचात, त्यामुळे येथे अनेकांचा गोंधळ होतो. सूत्र सोपे आहे. इंचांना २५.४ ने गुणावे आणि मण्याच्या मापाने भागावे. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. त्यासाठी ४ मिलिमीटरचे १०२, ६ मिलिमीटरचे ६८ किंवा ८ मिलिमीटरचे ५१ मणी लागतात. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, आणि त्यासाठी अनुक्रमे ११४, ७६ व ५७. यात हूक व कड्यांची जागा धरलेली नाही. काही मण्यांची भोके वाकडी वा बुजलेली निघतात, म्हणून दहांत एक मणी जास्त घ्यावा. त्याहून अधिक घेऊ नये. उरलेले मणी डब्यात पडून राहतात आणि डबा भरला की नव्या डब्याची गरज भासते.

पहिली माळ : सलग ओवण

ही १६ इंचांची एकपदरी माळ आहे. सामान असे : ६ मिलिमीटरचे ७५ काचमणी, एक हूक, एक कडी, दीड मीटर बारीक पॉलिएस्टर किंवा पक्का सुती दोरा, पातळ सुई, कात्री, फूटपट्टी आणि एक ताट. ताटात सुती नॅपकिन पसरावा म्हणजे मणी घरंगळत नाहीत. दोऱ्याची जाडी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटच्या मण्यांतून दोरा परत फिरवायचा असल्याने एका भोकातून दोऱ्याचे चार पदर गेले पाहिजेत.

प्रथम ताटात मण्यांचा क्रम मांडावा. दोन रंग असतील तर मधला मणी आधी ठेवून दोन्ही बाजूंना सारखी मांडणी करत जावे. क्रम ओवताना ठरवू म्हटले की एका बाजूला एक मणी हमखास जास्त होतो.

सुई दोऱ्याच्या मध्यावर आणून दोरा दुहेरी करावा. टोकांपासून १५ सेंटिमीटर सोडून एक वेगळ्या रंगाचा मणी घ्यावा आणि त्यातून सुई दोनदा फिरवावी. हा अडसराचा मणी. तो माळेचा भाग नाही, फक्त ओवलेले मणी मागून निसटू देत नाही. मग मांडलेल्या क्रमाने ६८ मणी ओवावेत.

ओवून झाल्यावर गाठ मारण्याची घाई करू नये. माळ गळ्याशी धरून आरशात पाहावी. लांबी वा रंग बदलायचा तर हीच वेळ असते.

आता सुई हुकाच्या कडीतून दोनदा काढावी आणि शेवटच्या मण्यातून परत न्यावी. त्या मण्याच्या पुढे मूळ दोऱ्याभोवती एक साधी गाठ मारून ती घट्ट ओढावी. सुई पुढच्या दोन मण्यांतून काढून दुसरी गाठ मारावी, आणखी दोन मण्यांतून काढून उरलेला दोरा मण्याच्या कडेशी कापावा. गाठी मण्यांच्या मध्ये दडतात आणि ओढ पडली तरी एकदम सुटत नाहीत.

दुसऱ्या बाजूचा अडसर काढून ती टोके सुईत ओवावीत आणि तेथे कडी याच रीतीने बसवावी. मात्र गाठ पक्की करण्यापूर्वी माळेत दोनेक मिलिमीटरचा सैलपणा ठेवावा. दोरा अगदी ताणून बांधला तर माळ काठीसारखी ताठ राहते आणि मण्यांच्या कडा दोऱ्याला घासतात. फार सैल सोडला तर मण्यांमधून दोरा दिसतो. टेबलावर ठेवलेली माळ सहज गोल वळली म्हणजे ताण योग्य. तयार माळ एक रात्र खुंटीला टांगून ठेवावी आणि सकाळी गाठी पुन्हा पाहाव्यात.

ओवायचे मणी दगडाचे वा धातूचे, म्हणजे जड असतील तर दोऱ्याऐवजी नायलॉनचे आवरण असलेली बारीक पोलादी तार घ्यावी आणि तिची टोके पकडीने दाबायच्या छोट्या नळीमण्यांनी बंद करावीत. पहिल्या माळेला त्याची आवश्यकता नाही.

दुसरी माळ : गाठीची

मोत्यांच्या सरात दोन मण्यांमध्ये गाठ असते, ती शोभेसाठीच नसते. माळ तुटली तरी एकच मणी गळतो आणि मणी एकमेकांवर घासून झिजत नाहीत. हीच रीत काचेच्या वा चंदनाच्या मण्यांना लागू पडते.

यासाठी ८ मिलिमीटरचे ३८ मणी आणि दोन मीटर पिळाचा सुती दोरा लागतो. दोरा एकेरीच वापरायचा. तो इतका जाड असावा की साधी गाठ मण्याच्या भोकातून निसटणार नाही. दोऱ्याचे टोक इंचभर मेणबत्तीच्या मेणाने ताठ केले की सुईचीही गरज उरत नाही. टोकापासून १८ सेंटिमीटर सोडून पहिली गाठ मारावी आणि एक मणी ओवावा. त्यापुढे सैल गाठ टाकून तिच्या वेढ्यात सुईचे टोक घालावे. सुईने वेढा मण्यापर्यंत सरकवत न्यावा, दोरा ओढावा आणि गाठ आवळताना सुई काढून घ्यावी. सुई नसती तर गाठ मण्यापासून दूर पडली असती. पहिल्या पाच-सहा गाठी ओबडधोबड येतील, त्या सोडवून पुन्हा माराव्यात. दहाव्या मण्यापर्यंत हाताला लय सापडते.

प्रत्येक गाठीला सुमारे दीड मिलिमीटर जागा लागते, म्हणून ३८ मणी गाठींसह सुमारे ३६ सेंटिमीटर भरतात. शेवटीही १८ सेंटिमीटर दोरा मोकळा सोडावा. आता दोन्ही मोकळ्या दोऱ्या विरुद्ध दिशांनी एकमेकींवर ठेवाव्यात. उजव्या दोरीच्या टोकाने डाव्या दोरीभोवती आणि डाव्या दोरीच्या टोकाने उजव्या दोरीभोवती साधी गाठ मारावी. या दोन्ही सरकगाठी आहेत. त्या एकमेकींपासून दूर सरकवल्या की माळ आखूड होते आणि जवळ आणल्या की मोठी होऊन डोक्यातून निघते. माळेची लांबी सुमारे १९ ते २३ इंचांच्या दरम्यान हवी तशी राखता येते.

या माळेत धातू नाही, हाही तिचा गुण आहे. स्वस्त हुकांत बहुधा निकेल असते आणि अनेकींच्या मानेला त्याची खाज सुटते, लाल पुरळ येतो. अशांनी सरकगाठ वापरावी किंवा चांदीचा हूक घ्यावा.

गाठीवर हात बसला की त्याच रीतीने नवकारवाळी करता येते. तिचे १०८ मणी म्हणजे पंचपरमेष्ठींचे गुण : अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. मणी ६ मिलिमीटरचे आणि गाठ एक मिलिमीटरची धरली तर १०८ मण्यांना सुमारे ७६ सेंटिमीटर लागतात. मोजणी दोन वेळा, शक्य तर दोन माणसांनी करावी. अलंकाराच्या माळेत एक मणी कमी-जास्त झाला तरी चालते, जपाच्या माळेत चालत नाही.

जपणूक

चातुर्मासात हवा दमट असते. घामाने वा पावसाने ओला झालेला सुती दोरा तसाच डबीत बंद केला तर त्याला बुरशी येते. लाकडी मण्यांनाही येते. मग ती साफ करणे म्हणजे पुन्हा जीवहिंसा. म्हणून माळ उतरवल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसावी, वाऱ्यावर वाळवावी आणि मगच ठेवावी. काचेचे मणी पुसता येतात, पण माळ पाण्यात बुडवू नये. रोज वापरातल्या माळेचा दोरा वर्षातून एकदा पाहावा. तो मळका, सैल वा तंतू सुटलेला दिसला तर मणी काढून नव्या दोऱ्यात ओवावेत. पर्युषणापूर्वीच्या साफसफाईत हे काम सहज होते.

तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर ओवण्याचे काम त्याच्या हाताला न लागेल अशा उंचीवर करावे आणि उठताना ताटाखालची जमीन पाहावी. छोटा मणी श्वासनलिकेत अडकू शकतो. एवढ्या लहान मुलाच्या गळ्यात माळ घालून त्याला झोपवू नये.

देताना आणि विकताना

एकीने ओवलेली माळ शेजारणीला आवडते, मग नणंदेच्या मैत्रिणीला हवी असते आणि पाहता पाहता घरात लहानसा व्यवसाय उभा राहतो. व्यापारी घरात हे स्वाभाविकच आहे. मात्र किंमत लावताना मणी, दोरा, हूक, वाया गेलेला माल आणि वेळ असे पाचही आकडे वहीत लिहावेत. वेळ धरला नाही तर नफा दिसतो पण असत नाही. पहिल्या माळेला तीन तास लागतात आणि दहाव्या माळेला एक, म्हणून दहाव्या माळेचा वेळ धरून भाव ठरवावा. शिकण्याचा खर्च ग्राहकावर टाकू नये.

प्रत्येक माळेबरोबर छोटी चिठ्ठी द्यावी : मणी काचेचे, दोरा सुती, हूक चांदीचा किंवा पोलादी. मोत्यासारखा मणी असेल तर ‘मोतीसदृश काचमणी’ असे स्पष्ट लिहावे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा दुसरा माल देणे, असा त्याचा अर्थ. ग्राहकाने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हा बचाव पेढीवर चालत नाही, तो घरगुती व्यवसायातही चालू नये. शिवाय व्रती ग्राहकाच्या दृष्टीने ही चिठ्ठीच त्या माळेचे खरे मोल असते. रेशीम आणि मोती वर्ज्य केलेल्या व्यक्तीला बाजारात असे लेखी आश्वासन सहसा मिळत नाही.

शेवटी परिमाणाचा विचार. ओवण्याचा छंद लागला की माळा वाढतात आणि श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताशी त्यांचा मेळ बसेनासा होतो. यावर घरगुती उपाय आहे. कपाटातील तुटक्या माळा, एकेकट्या राहिलेल्या कुड्यांचे मणी, जुन्या पदकांच्या कड्या आधी एका वाटीत काढाव्यात आणि पहिल्या दोन माळा त्यांतूनच कराव्यात. त्या मण्यांचीही पारख वर सांगितल्याप्रमाणेच करावी. पुढे प्रत्येकीने स्वतःपुरती संख्या ठरवून घ्यावी. नवी माळ करावीशी वाटली तर जुनी उसवून तेच मणी नव्या क्रमाने ओवावेत, किंवा तयार झालेली माळ कोणाला तरी देऊन टाकावी. मणी तेच राहिले तरी मांडणी बदलता येते, आणि ओवण्यातले समाधान मुख्यतः त्या मांडणीतच असते.

अशी माळ घालून लग्नाला वा उपाश्रयाच्या कार्यक्रमाला गेल्यावर कोणीतरी ती बोटांनी उचलून पाहते आणि विचारते, ‘‘कशाची गं ही?’’ मणी, दोरा, मेण आणि हूक, चारही गोष्टींचे उत्तर एका दमात देता आले, म्हणजे माळ ओवता आली असे समजावे.